दोन कागदांची फट

३ मार्च

ठप्पेमास्तर,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं असतं ते मला येतं, पण या वेळी लिहिणार नाही. दोनदा फोन केला, दोनदा तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणून खाली ठेवलास. म्हणून कागद पाठवते. तो निदान तुझ्या हातात तरी पडेल.

बारक्याला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. मावशी आली, आईजवळ चार दिवस राहिली. तुझं विचारलं तर म्हणाली, त्याला रजा मिळत नाही. आईने मान हलवली. मी नाही हलवली. मावसभाऊ असलास तरी तू आणि माझा भाऊ एका ताटात जेवलात, एका सायकलवरून पडलात. रजा मिळत नाही म्हणे.

काय झालं ते तुला ऐकून माहीत असेल. थिनर भरण्याच्या शेडमध्ये सकाळी त्याने पंपाचं बटण दाबलं आणि शेड पेटली. बाकीचे दाराजवळ होते, ते बाहेर पळाले. हा पंपाजवळ होता. वायरमन पंपाजवळच असणार.

गेल्या आठवड्यात त्याच्या वस्तू न्यायला मला कारखान्यात बोलावलं. डबा, चष्म्याची केस, टेस्टर, एक स्वेटर. एवढंच. शेजारच्या शेडमध्ये तशाच स्विचच्या पेट्या आहेत. एकीचं झाकण कामासाठी उघडलेलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. पेटीवर पितळी पट्टी, पट्टीवर तुमच्या प्रयोगशाळेचा नंबर. मी ऑफिसात बसून राहिले, प्रमाणपत्राची प्रत घेतल्याशिवाय उठले नाही. खाली डाव्या कोपऱ्यात "परीक्षक" आणि तुझी सही. शाळेच्या वहीवर करायचास तीच, शेवटी शेपूट काढलेली.

आता मला सांग. बावीस वर्षं मी इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण खात्यात आहे. ऑपरेशनची हत्यारं वाफेत शिजवते. आमच्या ऑटोक्लेव्हच्या दाराला लालसर रबराची रिंग असते. तिला केसाएवढी चीर गेली तरी मी मशीन बंद करते, मग डॉक्टर कितीही ओरडो. साध्या कुकरलासुद्धा रिंग असते. आणि तू ज्या पेटीला "स्फोट झेलते" म्हणून ठप्पा मारलास, तिच्या झाकणाला रबर नाही! मी काठावरून बोट फिरवलं. धातूवर धातू, बस. मध्ये काही नाही. खाचसुद्धा नाही.

तू ती पेटी डोळ्यांनी पाहिली होतीस का? की नुसताच ठप्पा मारलास? बारक्या तुला कौतुकाने ठप्पेमास्तर म्हणायचा. आज मला त्यात कौतुक दिसत नाही.

चौकशी समिती बसली आहे. त्यांच्यासमोर जाण्याआधी तुझ्या हातचं उत्तर हवं.

ताई


११ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. बारक्या गेला तेव्हा मी यायला हवं होतं.

पेटीबद्दल तुझा गैरसमज झाला आहे, तो दूर करणं माझं कर्तव्य आहे. तुझ्या ऑटोक्लेव्हचं काम वाफ आत कोंडायचं. आमच्या पेटीचं काम तसं नाही. तिच्यात गॅस शिरू द्यायचा नाही असा कोणाचाच दावा नसतो. थिनरची वाफ कुठूनही शिरते. आत स्विचची ठिणगी पडते, वाफ पेटते, आतल्या आत स्फोट होतो. तो स्फोट न फुटता सोसायचा, हे पेटीचं पहिलं काम. दुसरं काम अवघड असतं. दाब झाकणाच्या फटीतून बाहेर जाऊ द्यायचा, पण ज्वाळा जाऊ द्यायची नाही. झाकणाचा काठ रुंद आणि गुळगुळीत घासलेला तू पाहिलास, तो त्यासाठीच. त्या अरुंद फटीतून जाता जाता ज्वाळा दोन्हीकडच्या धातूला लागून थंड होते. बाहेर येतो तो नुसता गरम वारा. त्याने बाहेरची वाफ पेटत नाही.

फट किती, तर ज्या कागदावर मी लिहितो आहे तसे दोन कागद एकावर एक ठेव. त्याहून जास्त चालत नाही. आम्ही पातळ पोलादी पट्ट्या फटीत घालून ती मोजतो.

मग पेटी एका कोठीत ठेवतो. पेटीत आणि बाहेर कोठीत तोच गॅस, हवेत मोजून मिसळलेला. आत ठिणगी देतो. धप्प असा आवाज येतो. कोठीच्या काचेत उजेड दिसला तर पेटी नापास. ही पेटी पाच वेळा पेटवली. पाचही वेळा काच काळी राहिली. मी स्वतः काचेपाशी उभा होतो. डोळ्यांनी पाहिलं का, असं तू विचारलंस, म्हणून सांगितलं.

रबर नाही हीच तिची सुरक्षा आहे. मध्ये रबर घातलं की झाकण तेवढं वर उचललं जातं. तीन मिलिमीटर रबर म्हणजे तीस कागद. पहिल्याच स्फोटात रबर जळून उडतं आणि मागे उरते ती फट नव्हे, दरवाजा. पाणी थांबवायचंच असेल तर वेगळ्या पेट्या मिळतात, त्यांत रबराची जागा निराळी खोदलेली असते आणि त्या तशाच तपासलेल्या असतात.

या पेटीत कोणी रबर घातलं असेल, तर दोष पेटीचा नाही. मला कोणी विचारलं असतं तर एका ओळीत सांगितलं असतं.

मावशीला सांभाळ.

तुझा भाऊ


१९ मार्च

भाऊ असं तू लिहिलंस. मी अजून लिहीत नाही.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दोन कागद एकावर एक ठेवून डोळ्यांजवळ धरले. समजलं. पेटी तू तपासलीस, मान्य. त्याबद्दल रागावले होते तो राग परत घेते. पण राग संपला असं समजू नकोस. तो नुसता दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला आहे.

काल समितीचा कच्चा अहवाल घरी आला. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं लिहिते. "पेटीच्या झाकणाखाली लालसर रंगाच्या रबराचे जळके अवशेष आढळले. मयत वायरमनने कोणालाही न विचारता, स्वतःच्या मर्जीने ते बसवले व त्यातून दुर्घटना घडली."

कोणालाही न विचारता.

तू त्याच्याबरोबर वाढलास, तूच सांग. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती पाण्याबरोबर घ्यायची की दुधाबरोबर, हे विचारायला हा अर्ध्या रस्त्यातून परत जायचा. नवा शर्ट घातला की बाहीचं बटण लावू का उघडं ठेवू? आई म्हणायची, हा मेला श्वास तरी विचारल्याशिवाय कसा घेतो! त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांना त्याने त्यांच्याच घराच्या वायरिंगबद्दल अकरा प्रश्न विचारले. ते स्थळ तिथेच गेलं. असा माणूस जिवंत पेटीत, कोणालाही न विचारता, काही घालेल?

सुपरवायझरने जबाब दिला आहे की त्याला काहीच माहीत नव्हतं. ते रबर कुठलं, कोणी आणलं, ते अहवालात नाही. मलाही माहीत नाही.

आईला मी अहवाल वाचून दाखवला नाही, पण तिने तो शेजारणीकडून वाचून घेतला. तेव्हापासून ती एकच विचारते, "त्याने खरंच विचारलं नाही गं?" मी विषय बदलते. नुसतं गेल्याचं दुःख असतं तर ती ते गिळून बसली असती. हे वाक्य तिच्या घशाखाली उतरत नाही.

आता मुद्द्याचं. जानेवारीत बारक्याने तुला पत्र टाकलं होतं. पाकिटाला डिंक मी लावला. आत काय आहे ते पाहिलं नाही, पण पेन्सिलीने पेटीसारखं काहीतरी काढलेलं होतं, ते मला ओझरतं दिसलं. त्याने तुला विचारलं होतं का? ते पत्र शोध. समितीची सुनावणी २१ एप्रिलला आहे. ते वाक्य त्या दिवशी कायम होईल किंवा खोडलं जाईल.

ताई


२८ मार्च

ताई,

कामाच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला.

प्रयोगशाळेत रोज ढीगभर टपाल येतं. बरंचसं चुकीच्या टेबलावर जातं, काही हरवतंही. बारक्या मला अधूनमधून लिहायचा, पण जानेवारीतलं असं काही पत्र डोळ्यांसमोर येत नाही.

तू म्हणशील तर मी तज्ज्ञ म्हणून समितीला लेखी मत देतो. पाणी आत येत असेल तर सामान्य वायरमनला रबर घालावंसं वाटणं स्वाभाविक आहे, असं लिहितो. त्याने वाक्य थोडं सौम्य होईल.

एक सांगू का? लहान तोंडी मोठा घास होईल, पण हे सगळं फार उकरू नये. उकरून जे हाती लागतं ते सोसवतंच असं नाही. तुझं भलं व्हावं म्हणूनच म्हणतो.

तुझा भाऊ


४ एप्रिल

मला धमकी देऊ नकोस.

सौम्य वाक्य नको आहे मला. सौम्य! माझ्या भावाला मूर्ख म्हणायचं, पण जरा गोड आवाजात, असंच ना?

आणि पाणी आत येत होतं, हे तुला कोणी सांगितलं? पेटीत पाणी शिरल्याचं मी माझ्या दोन्ही पत्रांत एका शब्दानेही लिहिलेलं नाही. अहवालातही नाही. मी हत्यारं मोजून ठेवणारी बाई आहे. ऑपरेशननंतर एक चिमटा कमी भरला तर माझ्या लगेच लक्षात येतं. तुझ्या पहिल्या पत्रातही "पाणी थांबवायचंच असेल तर" असं आहे. तेव्हा मी त्यावरून पुढे गेले, माझं चुकलं.

तुमच्या प्रयोगशाळेत आवक-जावक बघणाऱ्या बाईंना मी पत्र टाकलं. बाईमाणसाने बाईमाणसाला लिहिलं की उत्तर येतं, तेही परतटपाली. त्या लिहितात : "२२ जानेवारी, आवक क्रमांक २१२. पाकीट चांगलं लक्षात आहे, कारण पत्त्यात साहेबांच्या नावाच्या जागी 'ठप्पेमास्तर यांस' असं लिहिलं होतं. मी ते हाक मारून वाचलं, सगळे हसले. साहेबांनी सही करून नेलं."

तुझी सही आहे, शेपूटवाली. तुझी सही जिथे तिथे असते आणि तू कुठेच नसतोस.

तुझंच वाक्य तुला परत पाठवते. "मला कोणी विचारलं असतं तर एका ओळीत सांगितलं असतं." हे लिहिताना ते पत्र तुझ्यापासून किती हातांवर होतं?

पत्र पाठव. पाठवलं नाहीस तर मी तुमच्या दारात येऊन बसेन आणि तुला त्याच नावाने हाक मारेन, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

ताई


१० एप्रिल

ताई,

दोन हात. टेबलाचा खालचा ड्रॉवर.

पत्र सोबत आहे. ते वाचण्याआधी माझं वाच, एवढी विनंती.

मला त्या नावाचा राग होता. चुलत बहिणीच्या लग्नात बारक्याने सगळ्या मांडवासमोर म्हटलं होतं, "आमच्या भावाचं काम सोपं, चहा प्यायचा आणि ठप्पा मारायचा." लोक हसले. तो स्वतः सगळ्यात जास्त हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. माझ्या मनात राहिलं. मी गॅसच्या कोठीपाशी उभा राहतो, कानांना दडे बसतात, एक आकडा चुकला तर कोणाचं तरी घर जातं, आणि घरच्यांच्या लेखी मी ठप्पा मारतो. मग आवकबाईंनी ते पाकीट ऑफिसभर वाचलं. मी सही केली, ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर पायाने बंद केला. ठरवलं की याला महिनाभर वाट बघू दे.

आमच्याकडे नियम आहे. आम्ही पास केलेल्या पेटीबद्दल वापरणाऱ्याने काही विचारलं तर सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. मी ते घरचं पत्र धरलं.

१२ फेब्रुवारीला आईचा फोन आला. त्यानंतर मी ते उघडलं. ताई, उत्तर खरंच एका ओळीचं होतं. रबर नको, पाणी मारणं थांबव, पेटीवर पत्र्याची टोपी ठोक. एवढंच.

मी आलो नाही, कारण तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवून काय बोलणार होतो? आणि पत्र लपवलं, कारण त्यात तुझंही नाव आहे. हे मी तुझ्यासाठीच करतो आहे असं रोज स्वतःला सांगायचो. सोयीचं होतं ते. दोघांची चूक झाकली तर आपली आपोआप झाकली जाते.

वाच आणि तू ठरव. समितीला द्यायचं नाही म्हणालीस तर मी कोणालाही सांगणार नाही. द्यायचं म्हणालीस तर २१ तारखेला तिथे येऊन उभा राहीन.

(सही करत नाही.)


१८ जानेवारी

ठप्पेमास्तर यांस गरीब वायरमनचा दंडवत!

रागावला आहेस असं ऐकतो. मावशी म्हणाली, माझं नाव काढलं की तू वर्तमानपत्र तोंडासमोर धरतोस. अरे, लग्नात माणूस काहीही बोलतो. पाहिजे तर पुढच्या लग्नात मला वाट्टेल ते म्हण. माझ्या लग्नात म्हण, म्हणजे तुला पुष्कळ वेळ मिळेल.

आता कामाचं. तुझ्या नंबरच्या बारा पेट्या आमच्याकडे आहेत. चांगल्या आहेत, वजनाने आपल्या तालुक्याच्या मामलेदार साहेबासारख्या, जागच्या हलत नाहीत. पण शेडमध्ये रोज संध्याकाळी नळीने जमीन धुतात आणि पाण्याचा फवारा भिंतीवर उडतो. पंपाच्या पेटीत पाणी शिरतं. परवा पंपवाल्या काकांना झटका बसला. साठीचा माणूस, उताणा पडला. मी म्हटलं पाणी मारू नका, तर सुपरवायझर म्हणतो धुणं बंद होणार नाही, तू पेटीत जाणारं पाणी बंद कर. रबर लाव म्हणतो. मी म्हटलं लेखी द्या. म्हणाला, रबराच्या तुकड्याला लेखी मागणारा तू पहिलाच.

घरी ताईला विचारलं. ती म्हणाली, झाकण म्हटलं की रबर हवंच, त्यात विचारायचं काय? तिने तिच्या खात्यातली टाकून दिलेली रिंगसुद्धा आणून दिली, लालसर, छान मऊ आहे. ब्लेडने पट्टी काढली तर बसेल. मी ती पिशवीत ठेवली आहे, लावलेली नाही.

मला खटकतं ते असं. झाकणाचा काठ एवढा घासूनपुसून गुळगुळीत का केला असेल, जर त्यावर रबरच घालायचं होतं? मागे पेन्सिलीने काढून दाखवलंय. हा गुळगुळीतपणा कशासाठी? तो झाकला तर बिघडेल का? तुला माहीत असणार.

महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. काकांना पुन्हा झटका बसायला नको म्हणून इथून हलता येत नाही, नाहीतर मी उद्याच तुझ्याकडे येऊन बसलो असतो. आणि हे बघ, रुसला असलास तर उत्तर देऊ नकोस, चालेल. तू काही लिहिलं नाहीस तर मी समजेन की रबराला हरकत नाही. कारण चूक दिसली की तुला गप्प बसवत नाही, हे मी लहानपणापासून पाहतो आहे. माझ्या गणिताच्या वह्या तू न विचारता तपासायचास.

मावशीला नमस्कार.

बारक्या


२३ एप्रिल

सुनावणीला तू होतास, तरी लिहिते. जिन्यात तू "ताई" म्हणालास तेव्हा मी थांबले नाही. थांबले असते तर तिथे जे बोलले असते ते आईच्या कानांवर गेलं असतं.

ते पत्र माझ्याकडे सात दिवस होतं. त्या सात दिवसांत मी काय केलं ते तुला कळायला हवं, कारण तू तसंच सत्तावन्न दिवस केलंस. मी कात्री घेतली होती. मधला परिच्छेद कापायचा, वरचा आणि खालचा जोडून झेरॉक्स काढायची. आमच्याकडे चांगलं मशीन आहे, कोणाला कळलं नसतं. सुपरवायझर राहिला असता, तू राहिला असतास, मी गेले असते. तुला लिहिलं होतं ना, रबर कुठलं ते मला माहीत नाही? "लालसर" हा शब्द वाचला त्या क्षणी मला माहीत होतं. त्याच्या खिशात मावेल अशी गुंडाळून मीच दिली होती. वर म्हटलं होतं, त्यात विचारायचं काय.

कात्री चालवली नाही, ती मोठेपणा म्हणून नाही. परिच्छेद कापला असता तर त्याने दोघांनाच विचारलं असं झालं असतं. त्याने तिघांना विचारलं होतं. त्यातला एकही मी कमी करू देणार नाही.

मी वाचायला उभी राहिले तेव्हा कंपनीचा वकील म्हणाला, घरगुती पत्र आहे, सगळं वाचायची गरज नाही. मी म्हटलं, सगळंच वाचणार, मामलेदारासकट. खोलीत मागे कोणीतरी हसलं. बारक्याला आवडलं असतं. रबराच्या ओळीपर्यंत माझा आवाज नीट होता. ती ओळ वाचल्यावर अध्यक्षबाईंनी विचारलं, "ही ताई कोण?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी चष्मा काढला. पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, मी तयार होते.

सुपरवायझर आधी म्हणाला आठवत नाही, मग म्हणाला तोंडी म्हटलं असेन, मग म्हणाला सगळेच म्हणतात. मग तुला उभं केलं. "पत्र मिळालं होतं?" तू म्हणालास, "हो. बावीस जानेवारीला. उघडलं नाही." मोठ्याने म्हणालास. एवढं मी लिहून ठेवते, याहून जास्त माझ्याकडून मागू नकोस. तुला माफ केलेलं नाही. स्वतःलाही केलेलं नाही, त्यामुळे तुझ्यावर काही विशेष अन्याय होतो आहे असं समजू नकोस.

ते वाक्य लेखनिकाने माझ्यासमोर लाल शाईने खोडलं आणि बाजूला सही केली. आता तिथे असं आहे : "मयत वायरमनने रबर बसवण्यापूर्वी सुपरवायझर, बहीण व पेटीचे परीक्षक अशा तिघांना विचारले होते. पहिल्या दोघांनी बसवण्यास सांगितले. तिसऱ्याकडून उत्तर आले नाही."

घरी येऊन आईला वाचून दाखवलं. "बहीण" हा शब्दसुद्धा. तिने तो शब्द पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "विचारलं होतं ना त्याने? मी म्हणतच होते." आणि उठून आत गेली. परवापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ते बरोबरच आहे.

आता खरं काम. पंपवाले काका काल घरी आले होते. चहाला हात लावला नाही. म्हणाले, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बारक्याच्या पेटीत पाणी येईना, तेव्हा सुपरवायझर इतका खूश झाला की त्याने आणखी चार पेट्यांत रबर घालून घेतलं. "बारक्याची युक्ती" म्हणून सगळ्यांना सांगत होता. समितीला त्याने लिहून दिलं आहे की आता कुठेच रबर नाही, सगळं काढलं. काका म्हणतात, त्या चार झाकणांच्या बोल्टवरची धूळसुद्धा हललेली नाही. पंप रोज चालू आहेत. काका रोज बटण दाबतात.

मी कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात गेले. ते म्हणतात, कंपनीने लेखी दिलं आहे, आता प्रयोगशाळेच्या माणसाने येऊन मोजलं तरच पुढे काही करता येईल. प्रयोगशाळेचा माणूस म्हणजे तू. तुमच्या साहेबांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहिलं आहे, नीट अक्षरात. आवकबाईंना हसायला काही ठेवलं नाही.

अकरा पेट्या उरल्या आहेत. तुझ्या त्या पोलादी पट्ट्या घेऊन ये आणि अकराही झाकणांची फट मोज. मी सोबत येईन, दाराबाहेर नाही, आत. दोन कागदांपेक्षा जाड काही निघालं तर ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे.

मी विचारते आहे, कधी येतोस? सात दिवसांचा तुमचाच नियम आहे. आणि एक लक्षात ठेव, तू गप्प राहिलास तर मी त्याचा अर्थ बारक्यासारखा लावणार नाही.

ताई